खळ लावलेली वही

मैसूरच्या आमच्या घरात अभंगांची एक हस्तलिखित वही होती. माझे वडील, अप्पा, शिंपीकाम करायचे. वहीचं पान फाटलं की कॉलरसाठी शिजवलेल्या मैद्याच्या खळीनेच ते चिकटवायचे. देवाच्या वहीला बाजारचा डिंक लावायचा नाही, ही आमच्या घरची रीत. वाचायची मात्र माझी आत्या, नवऱ्याचं घर सोडून आलेली. कमरेखाली रुळणारी वेणी पुढे घेऊन ती रोज संध्याकाळी वही मांडीवर उघडायची. त्या घरात तिच्या हक्काचं तेवढंच होतं.

एका पावसाळ्यात पानांवर टाचणीच्या टोकाएवढे पांढुरके किडे धावताना दिसले. मी तेव्हा प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होते आणि मला शिंगं फुटली होती. भिंगातून बघून मी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "अप्पा, यांचा गण पूर्वी वेगळा होता. आता यांना आणि डोक्यातल्या उवांना एकाच गणात घातलंय. भाऊबंदच ते!"

अप्पांनी तेवढंच ऐकलं. "अय्यो, देवाच्या वहीत उवा? हिच्याच डोक्यातून पडल्यात!"

वेणीला हिसडा देऊन त्यांनी आत्याला मशिनपाशी फरफटत नेलं.

"अण्णा, बेडा! नको! माझ्या डोक्यात काही नाही!" आत्या भावाला विनवू लागली.

"साकु, पुरे! गप बस!"

कापड कापायची मोठी कात्री कचाकचा चालली. कानाची पाळी चिरली, रक्त ब्लाउजवर उतरलं. आई मध्ये पडली तर तिच्या तोंडावर कोपर बसलं.

मला सगळं ठाऊक होतं. हे किडे रक्त पीत नाहीत, माणसाच्या डोक्यात राहत नाहीत. ओलसर कागदावरची बुरशी खातात, खळ खातात. त्यांना जेवायला अप्पांनीच घातलं होतं. माझं एक वाक्य पुरलं असतं, पण कात्री बघून माझी बोबडी वळली. तेव्हाच्या त्या मुलीची, म्हणजे माझीच, मला अजून चीड येते.

वही ट्रंकेत कुलूपबंद झाली. कानाची जखम भरत आल्यावर मी आत्याला खरं काय ते सांगितलं.

"हे तुला तेव्हाच माहीत होतं?"

"हो."

तिने काडकन माझ्या मुस्काटात मारली. मग आणखी एक. मी हात आडवा केला नाही.

"जा, आता अण्णाला सांग," ती म्हणाली.

अप्पा वारले, तेव्हाही वही कुलपातच होती. मी त्यांना सांगितलंच नाही.