माहूजमधला वाघदेव

"शर्ट काढ आणि त्याच्या शेजारी उकिडवा बस. फोटो काढतो."

साहेब हे म्हणाले तेव्हा त्यांच्या हॉलमध्ये मुंबई-पुण्याचे पाचसहा पाहुणे होते. बहारीनमधल्या माहूज भागातला फ्लॅट. ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. मी अस्करजवळच्या, साहेबांच्याच कारखान्यात हेल्पर. सुट्टीच्या दिवशी साहेबांनी एसी साफ करायला बोलावलं होतं. सोफ्याजवळ लाकडी खांब उभा होता. त्यावर वाघ, सूर्य, चंद्र कोरलेले. सूर्यात खिळा ठोकून गाडीची किल्ली अडकवलेली.

तो आमच्या पाड्याचा वाघदेव होता. शेंदूर पुसट झाला होता, पण वाघाचा तुटका कान मी ओळखला. आम्ही वारली. आमच्या पाड्याची हद्द त्याच्यापासून सुरू होते. बाप मला बोटाला धरून त्याच्या पाया पडायला नेत असे. साहेबांच्या भावानं तिथेच, डोंगराला लागून, चिकूची वाडी घेतली होती. त्याच ओळखीवर मला व्हिसा मिळाला होता.

"जंगलात कुजत पडला होता," साहेब पाहुण्यांना सांगत होते. "या लोकांना किंमतच नाही. आम्ही वाचवला."

कुजत होता, हे खरं. आमच्यात जुना वाघदेव उपटत नाहीत. शेजारी नवा उभा करतात आणि जुन्याला त्याच मातीत जाऊ देतात. तेही एकटा कुणी ठरवत नाही. सगळा पाडा बसतो, म्हाताऱ्या बायाही बोलतात. हे मी तिथे सांगितलं नाही. त्यांनी माना डोलावल्या असत्या आणि पुन्हा कॅमेरा उचलला असता.

व्हिसा जाईल या भीतीनं माझी दोन बटणं सुटली होती. मग त्या किल्लीकडे नजर गेली. बाप जिथे शेंदूर लावायचा, नेमका तिथे खिळा. डोकंच फिरलं. मी बटणं परत लावली.

"नाय बसणार, सायेब. आमचा देव हाय तो. परत द्या."

कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत.

"व्हिसा कुणी दिला, विसरलास?"

"नाय विसरलो. व्हिसा तुमी दिला. देव तुमाला कुनी दिला?"

"खलास. निघ इथून."

नोकरी गेली. मी गावी परत निघताना साहेबांचा ड्रायव्हर आमच्या कामगारांच्या कॅम्पवर आला. आमच्याच तालुक्याचा, भला माणूस. म्हणाला, "माफी मागून टाक. साहेब ठेवून घेतील."

मी म्हणालो, "त्यांना सांग, देव घेऊन पाड्यात या. सगळ्यांच्यात जमिनीवर बसा. काय करायचं ते पाडा ठरवंल. आन् शर्ट घालून या म्हणावं. आमी कुनाचा उतरवत नाय."

ते आले नाहीत. हद्दीवर नवा वाघदेव उभा आहे. शेजारी जुना उपटून नेला तो खड्डा आम्ही बुजू दिलेला नाही. वाडीचं कुंपण दर वर्षी त्या खड्ड्यापर्यंत सरकतं. सगळा पाडा मिळून ते दर वर्षी मागं ढकलतो. यंदाही ढकलणार.