माळावरचा तिसरा हिस्सेदार

कप हातात घेतलाय ना? मग नीट धरा. हसताना चहा सांडला तर मी दुसरा करून देणार नाही. माझ्या फजितीवर हसायला मी स्वतःहून परवानगी देतेय, आणि हे उभ्या जन्मात पहिल्यांदाच होतंय!

मी शाळेत गेले नाही. पोराच्या अंकलिपीवरून अक्षरं शिकले, आणि वाचायला लागले ती थांबलेच नाही. खताच्या पिशवीपासून कायद्याच्या पुस्तकापर्यंत समोर येईल ते वाचलं. केजच्या तहसीलचा जिना मी चढायला लागले की कारकून चष्मे पुसायला घेतात. फक्त देवाधर्माच्या वाटेला कधी गेले नाही. आजवर नारळ फोडला तो चटणीसाठी.

तर, जमीन. सासऱ्यांच्या मागं ती माझ्या नवऱ्याच्या आणि दिराच्या नावावर सामाईक लागली. दोघं भाऊ गेले, पोराबाळांनी हक्क सोडून दिला आणि सातबाऱ्यावर उरलो आम्ही दोघी जावा. मी थोरली, कौसा धाकटी. आता एका सातबाऱ्यावर दोन बायका म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला पाहिजे का? मी कापूस म्हटलं की ती सोयाबीन म्हणणार. मी बांधावरची बाभूळ तोडू म्हटलं की ती त्याच बाभळीखाली भाकर सोडून बसणार! मला मरायच्या आधी एवढंच पाहिजे होतं, माझ्या एकटीच्या नावाचं रान. काय पेरायचं हे कुणाला विचारायला नको.

केजला वकीलबाईकडं गेले. माझ्या नातीच्या वयाची, पण काय तिची हुशारी! म्हटलं, "वाटणीचा दावा लाव."

"आक्का, लावते. पण आधी हिस्से ठरवणारा हुकूमनामा होणार, मग मोजून ताबा देण्याचं प्रकरण निराळं. तोवर दोघी त्या बाभळीखाली म्हाताऱ्या व्हाल."

"आता काय तरण्या हावत काय?"

"म्हणून तर सांगते. दोघी राजी असाल तर तहसीलदारासमोर जबाब द्या, वाटप होऊन जाईल. विहीर तेवढी सामाईक ठेवा, पाण्याच्या पाळ्या लावून घ्या."

राजी? आणि कौसा? मला हसूच आलं. तरी निरोप धाडला. तिचा उलटा निरोप आला, "थोरलीनं वाटे पाडावेत, धाकटीनं आधी उचलावा. रीत हाय."

रीत चांगलीच आहे हो. वाटे पाडणाऱ्याला शेवटी उरेल ते घ्यायचं असतं, म्हणून तो लबाडी करत नाही. निदान शहाणा असला तर करत नाही.

वाटे मी इमानानंच पाडले. माळाकडचा मोठा, सडकेला लागून, पण मुरमाड. ओढ्याकडचा लहान, पण काळीभोर भुई! मूठभर माती उचलली तर हाताला लोण्यासारखी लागते. माझा जीव ओढ्याकडच्या रानात. पण आधी उचलणार कौसा. तुम्ही म्हणाल, मग सरळ मागून घ्यायचं की तिला.

मागायचं? मी?

मी डोकं चालवलं. कौसानं आजवर माझ्याच ताटातली भाकर उचललीय. मी माळासाठी जीव टाकतेय असं दिसलं, की ती माळच उचलणार. बरोबर की नाही?

गिरणीवर गेले. गिरणीवाली शांता म्हणजे गावचा भोंगा. दळणाचा डबा ठेवता ठेवता म्हटलं, "शांते, कुणाला सांगू नको, पण माळाचं रान सोनं हाय सोनं. माझा डोळा त्याच्यावरच हाय."

"अन् ओढ्याकडचं वो, आक्का?"

"नाव नको काढू त्याचं! पाऊस झाला की चिखल, अन् चिखलात साप."

दळण निघायच्या आत बातमी वेशीवर पोचली. पण कौसा ढिम्म.

मग मी रोज माळावर जायला लागले. ह्या वयात कंबर वाकवून दगड वेचले. कौसा बांधावर उभी राहून बघायची, बोलायची नाही. मग तळ्यातला गाळ आणला. ट्रॉल्या मुद्दाम तिच्या दारावरून नेल्या. तरी गप्प! शेवटी एक धोंडा उचलला, माळावरच्या लिंबाखाली मांडला, त्याला शेंदूर फासला आणि गिरणीवर जाऊन सांगितलं, "म्हसोबा सपनात आला. म्हणला, रुक्मिणे, हे रान सोडू नको."

हो, हो, मीच! हसा.

वाटा उचलायच्या दिवशी अर्धं गाव माळावर. मोजणीदारानं खुणा रोवलेल्या. वकीलबाई नकाशा धरून उभी. पोलीस पाटील म्हणाले, "कौसाबाई, उचला वाटा."

कौसानं पदर सावरला. गाळाकडं बघितलं. म्हसोबापुढं हात जोडले, कपाळ टेकवलं. मी मनात म्हटलं, फसली गं बाई!

"पाटील," ती म्हणाली, "आक्कांचा जीव ह्या रानात लई गुतलाय. त्यांनी दगडं येचली, गाळ टाकला, देव बसवला. देव बसवलेलं रान मी कशी घिऊ? ऱ्हाऊ द्या त्यास्नी. मला ते चिखलाचं अन् सापाचं चालंल."

लोकांच्या डोळ्यांत पाणी! शांता तर हुंदके देतेय. पाटील म्हणतात, "अशी जाऊ मिळायला नशीब लागतं."

वकीलबाईनं माझ्याकडं बघितलं. "आक्का, तुमची काही हरकत?"

काय सांगू? तोंड उघडलं तर गिरणी खोटी, स्वप्न खोटं, म्हसोबा खोटा, आणि सगळ्यांच्या वर मी खोटी.

"न्हाई," म्हटलं.

तहसीलदारासमोर जबाब झाले. वाटप मंजूर झालं, सातबारे वेगळे निघाले. परतताना जीपमध्ये दाटीवाटीनं दोघी शेजारी.

"कौसे, खरं सांग. तुला कळलं हुतं?"

"गाळ टाकला तवर मला अर्धं खरं, अर्धं खोटं वाटलं. पर तुमी शेंदूर फासला अन् म्या म्हनलं, आगं माय! आक्का अन् देव?"

"मग घेतलंस कावून ते रान?"

"तुमी एकडाव म्हनला असता, 'कौसा, ओढ्याकडचं मला दे', तर दिलं असतं की! रोज बांधावर कशाला उभी ऱ्हात व्हते? आता बोलत्याल, मग बोलत्याल. तुमी आपलं दगडं येचताव अन् येचताव!"

मला राग यायला पाहिजे होता. पण खरं सांगते, त्या जीपमध्ये माझ्या मनात आलं, काय बाई आहे ही! पदरचा एकही शब्द न घालता तिनं मला अख्ख्या गावासमोर चीत केलं, आणि वर गावाचा आशीर्वाद घेतला. माझ्या तोडीचं डोकं गावात एकच निघालं, आणि त्या डोक्याशी मी सारा जन्म एका बाभळीवरून भांडले.

आता तिचं सोयाबीन असं आलंय की बघत राहावं. माझाही माळ गाळावर पोसलाय. माझी पाळी नसली तरी ती कधी कधी पाणी सोडते माझ्याकडं, आणि सांगतही नाही.

पण म्हसोबा! शांता त्याला नवस बोलली आणि तिची भाकड म्हैस गाभण राहिली. झालं! आता दर अमावस्येला गाव नारळ घेऊन येतं. माझ्या तुरीतून पायवाट पडलीय. वर म्हणतात, "आक्का, देवापुढची जागा पेरू नका, मोकळी ठेवा." आणि सगळ्यांच्या पुढं नारळ घेऊन कोण असतं? कौसा! माझ्याकडं बघते आणि पदरात तोंड लपवते.

परवा पुन्हा केज गाठलं. "वकीलबाई, वाटणी झाली तरी माझ्या रानात एक हिस्सेदार हाय. सही करीना, मोजणीला येईना, अन् जागचा हलंना. त्याच्यावर दावा लागतो का?"

तिनं पेनाचं टोपण काढलं, विचार केला आणि टोपण परत लावलं. "लागेल की. पण आक्का, कोर्ट पहिलं हेच विचारणार, की त्याला ताबा दिला कुणी?"

मी पिशवी उचलली. येताना केजच्या बाजारात एक नारळ घेतला.

चटणीसाठी नाही.