आपला रेफरी

"आपला माणूस असून त्यानं शिट्टी मारली," वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले आणि शेंगेचं टरफल हिरवळीवर टाकलं.

लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या इमारतीखाली प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडून सगळे उन्हात बसले होते. सरकारी कॉलन्यांच्या थंडीतल्या फुटबॉल स्पर्धेची सेमीफायनल आम्ही सकाळी हरलो होतो. एक-शून्य. आमची टीम म्हणजे महाराष्ट्रातून इथे राजधानीत बदली होऊन आलेल्या घरांतली मुलं, आणि काही असे की ज्यांना आता मुलं म्हणणं अवघड आहे. मॅच संपत आली होती, कोणाचाच गोल झाला नव्हता, आणि रेफरीनं माझ्या दादाविरुद्ध हँडबॉल दिला. त्या पेनल्टीवर गोल झाला आणि आमची स्पर्धा संपली.

मी चहाचा ट्रे धरून उभी होते. माणसांत बसायचं नसलं की मी ट्रे धरते. हात गुंतलेले असले की कोणी मत विचारत नाही.

"मी म्हणतो, दुसऱ्यानं दिला असता तर समजू शकतो," वरचे काका पुढे म्हणाले. ते टीमचे मॅनेजर. जर्सी त्यांनीच शिवून घेतल्या होत्या, आणि पाठीवरच्या एका नावात झालेली चूकही त्यांचीच होती. "पण ह्यानं? आपल्यानं?"

हा रेफरी 'आपला' कसा झाला, तेही काकांमुळेच. तो पानिपतहून ट्रेननं यायचा. बोलणं पक्कं हरियाणवी. पहिल्या मॅचला त्यानं सहज सांगितलं, की आमचे पूर्वज तुमच्याकडचेच, लढाईनंतर परत गेले नाहीत, तिथेच राहिले. काकांनी त्याला मिठीच मारली. दुसऱ्या मॅचला त्याच्यासाठी चिवडा आणला. त्याला मराठीचं अक्षर येत नव्हतं, तरी काका त्याच्याशी मराठीत बोलायचे आणि तो हसून "हां जी, हां जी" करायचा. बाबा मात्र ह्या सगळ्यापासून जरा लांब होते. "मला त्या लढाईचं काही नाही," ते घरी आईला म्हणाले होते. "पण माणूस पहाटे निघतो, संध्याकाळच्या गाडीनं परत जातो. सेमीफायनलच्या दिवशी आपल्याकडे जेवून जाऊ दे." त्यामुळे आज आईनं पाटवड्यांचा रस्सा केला होता. निमंत्रण मॅचच्या आधीचं होतं. आता त्याचं काय करायचं, हे कोणी बोलत नव्हतं.

"पानिपतवाला आहे तो," चष्मेवाले काका म्हणाले. हे बाबांच्या ऑफिसातले, नागपूरचे. "पानिपतात आपलं कधी भलं झालंय का?"

सगळे हसले. बाबाही. दादा हसला नाही. तो कडेच्या खुर्चीत ओल्या केसांनी बसला होता आणि गुडघ्यावरचं खरचटलेलं उगाच खाजवत होता.

मग व्हिडिओ सुरू झाला. तो सकाळपासून सुरूच होता म्हणा. कोणीतरी बाजूच्या रेषेवरून मोबाईलवर काढलेला. त्यात चेंडू येतो, दादा उडी मारतो, पाठ दिसते, मधे कोणाचं तरी डोकं येतं, शिट्टी. तेवढंच.

"स्लो कर, स्लो कर. हां. आता सांग, हात कुठंय?"

"हात खिशात आहे."

"फुटबॉलच्या चड्डीला खिसा असतो का रे?"

"मग तेच तर म्हणतोय. हात नाहीच आहे."

"मोठं कर ना यार जरा."

मोठं केल्यावर दादाच्या पाठीचे निळे चौकोन झाले. चष्मेवाल्या काकांनी त्या चौकोनांवर बोट ठेवून खांदा कुठे संपतो ते समजावलं. मला वाटलं, आणखी थोडा वेळ पाहिला तर हे सगळे मिळून दादाचा हातच पुसून टाकतील.

हात होता. मी आमच्या गोलच्या मागे उभी होते, पाण्याच्या बाटल्यांची पिशवी घेऊन. तिथे कोणी बोलायला येत नाही. चेंडू कॉर्नरवरून उंच आला. दादानं उडी मारली, वळला, त्याचा डावा हात खांद्याच्या वर गेला, आणि चेंडू त्याच्या मनगटाला लागून बाहेरच्या बाजूला गेला. थाप मारल्यासारखा हलका आवाजही आला. जमिनीवर उतरल्यावर त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग रेफरीकडे. घरी येताना गाडीत तो पुढे बसला आणि एकदाही मागे वळला नाही.

तो खोटं बोलला नव्हता, हे मला सांगायला हवं. त्याला कोणी नीट विचारलंच नव्हतं. मैदानावरच बाबा आत धावत आले होते, "माझा मुलगा असं करणार नाही," असं ओरडत. माझे बाबा कधी ओरडत नाहीत. ते ऐकल्यावर दादानं तोंड उघडलं होतं आणि परत मिटलं होतं.

वरच्या काकांनी मोबाईल बाहेर काढला. "मी कमिटीला लिहितो. आपली मॅच तर गेली, पण पुढच्या रविवारी फायनलला हा माणूस नको. ह्या स्पर्धेत परत नकोच."

फायनल त्यालाच मिळाली होती. सकाळी त्यानंच बाबांना सांगितलं होतं, माझ्यासमोर. आजवर कधी फायनल मिळाली नव्हती. पुढच्या रविवारी बायकोला आणि मुलींना पानिपतहून घेऊन येणार होता, बघायला. बाबा म्हणाले होते, "बहुत अच्छे."

मला विषय बदलायचा होता. तेवढंच सुचलं. मी ट्रे खाली ठेवला आणि म्हणाले, "रस्सा गार होईल. आम्ही जेवायचं का आता?"

"आम्ही?" चष्मेवाले काका लगेच म्हणाले. "आणि आम्ही काय, उपाशी?"

"आपण म्हण गं," वरचे काका हसत म्हणाले. "आम्ही म्हणजे तुम्ही घरातले. आपण म्हणजे सगळे. बिल्कुल इंग्रज झाली आहेस."

ही माझी नेहमीची चूक. शाळेत 'वी', बाहेर 'हम', दोन्हींत सगळे मावतात. मराठीत कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला बाहेर ठेवायचं ते आधी ठरवावं लागतं, आणि माझ्या तोंडून नेमकी माणसं बाहेर राहतात. बाबांनीही मान हलवली, मायेनंच. पण माझं वाक्य तिथेच संपलं. मी परत ट्रे उचलला.

तेवढ्यात तो आला.

फाटकाजवळ थांबला होता. रेफरीचा काळा शर्ट बदलून साधा स्वेटर घातला होता, खांद्यावर बॅग, हातात एक मोठी पिशवी. आत यावं की नाही, ते त्याचं त्यालाही ठरवता येत नसावं. "मैं चलूँ जी?" त्यानं तिथूनच विचारलं. "गाड़ी का टाइम तो है अभी, पर स्टेशन पे बैठ जाऊँगा।"

बाबा उठले. "नहीं नहीं, आइए. खाना तैयार है." त्यांनी आपली खुर्ची त्याला दिली. पिशवी त्यानं आईसाठी आणली होती. आत पानिपतची चादर होती, निळी, मोरांची. आई खाली आली होती. तिनं ती दोन्ही हातांनी घेतली आणि त्याच्यासमोर ताट वाढलं.

तो जेवू लागला. रस्सा तिखट होता, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यानं परत मागितला. आणि त्याच्या डोक्यावरून मराठी चालू राहिलं, त्याला कळत नाही म्हणून आवाज कमी न करता.

"जेवतोय बघ कसा. निवांत."

"आधी जेवू दे. मग विचारू, डोळे कुठं ठेवले होते."

"विचारून काय होणार? मी लिहिलंय."

तो प्रत्येकाकडे पाहून हसत होता. त्याला वाटत असावं, जेवणाबद्दल बोलत आहेत. एकदा माझ्याकडे पाहून म्हणाला, "बहुत बढ़िया बना है, बेटा." मी मान खाली घातली. आई पोळी वाढताना बाबांकडे बघत होती. बाबा मोबाईलकडे बघत होते.

वरच्या काकांनी दादाला विचारलं, "तू फक्त एवढंच सांग. लागला नाही ना?"

दादानं गुडघा खाजवणं थांबवलं. मग म्हणाला, "मी वळलो होतो, काका. मला काय कळणार."

"म्हणजे नाहीच."

"मी तसं..."

"अरे, लागला असता तर कळलं नसतं का?" बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात विनवणी होती. दादानं मान वर केली नाही. त्याचा डावा हात त्यानं मांडीखाली घेतला होता. मला त्याचा राग आला नाही. माझ्यापेक्षा तो जास्त अडकला होता. बाबांना सगळ्यांसमोर खोटं पाडायचं, की समोर जेवणाऱ्या माणसाला, यांतलं एक त्यानं निवडलंही नव्हतं. ते त्याच्या गप्प बसण्यातून आपोआप ठरत होतं. आणि माझ्याही.

"झालं तर मग," वरचे काका म्हणाले, मेसेजमध्ये आणखी एक ओळ टाकली आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. "तू बघ गं एकदा. कॉन्व्हेंटची आहेस. इंग्लिश बरोबर आहे ना? मग पाठवतो."

ट्रे ठेवावा लागला. मेसेज लांब होता. रेफरी पक्षपाती आहे, त्याची नजर चांगली नाही, खेळाडू स्वतः सांगतो की हाताचा स्पर्श झाला नाही, सबब त्याला फायनल देऊ नये. त्याचं पूर्ण नाव लिहिलेलं होतं. एका ठिकाणी एक अक्षर चुकलं होतं, ते मी सवयीनं दुरुस्त केलं. दुरुस्त करून झाल्यावर लक्षात आलं, की आता मला करण्यासारखं काही उरलं नाही.

सगळे माझ्याकडे बघत होते. तोही, घास हातात धरून, हसऱ्या चेहऱ्यानं. दादानं मात्र डोळे मिटून घेतले होते. मला नीट, शुद्ध वाक्य जुळवायचं होतं, म्हणजे कोणी मधे हसणार नाही. ते काही जुळेना.

"इंग्लिश बरोबर आहे, काका," मी म्हणाले. "पण हात लागला होता. मी गोलच्या मागे होते, मला दिसला."