बारा रुपयांचे अंडे

आधीच सांगते, माझे अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व-दीर्घ कुठे काय येते ते मला शाळेतही नीट जमत नव्हते, आणि चौथीनंतर शाळाच सुटली. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे. पाळकसाहेबांच्या मुलीने, मार्थाने, आमच्या मंडळीतल्या प्रत्येकाला एकेक कागद दिला आहे, बाबांची एक आठवण लिहून द्या म्हणून. सगळे कागद जमवून ती हंगामाच्या सणाला लहानसे पुस्तक काढणार आहे. मीही माझा कागद दिला. त्यावर तीन ओळी होत्या, की साहेब फार दयाळू होते, माझ्या लीलाला त्यांनी शाळेत घातले, देव त्यांना विसावा देवो. तिन्ही ओळी खऱ्या आहेत. पण कागद वाचून मार्था म्हणाली, "सगुणाबाई, अंड्याचं नाही लिहिलंत? लाजता तुम्ही. असू द्या, ते मी लिहिते." त्या दिवसापासून मला घास गोड लागत नाही. म्हणून लीलाच्या जुन्या वहीत मागे जी कोरी पाने राहिली आहेत, त्यांवर हे लिहीत आहे.

पाळकसाहेब गेले त्याला आता सात आठवडे झाले. मी खोलीच्या दारात उदबत्त्या वळत बसले होते. फाटक उघडून दावीदअण्णा आले. ते रेल्वेत गार्ड होते, त्यांचा आवाज असा की यशवंतपूरच्या स्टेशनात बोलले तर गाडीच्या शेवटच्या डब्यात ऐकू जावे. त्या दिवशी मात्र टोपी हातात धरून अगदी हळू म्हणाले, "सगुणक्का, साहेब गेले." माझे हात मसाल्याने काळे झाले होते, तसेच मांडीवर राहिले. आणि माझ्या मनात जो पहिला विचार आला तो लिहिल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. रडू नंतर आले. पहिला विचार असा आला की आता सांगावे लागणार नाही.

नवरा वारल्यावर मी दीड वर्षाच्या लीलाला घेऊन साहेबांच्या घरामागच्या खोलीत राहायला आले. भाडे नको म्हणाले. पाळकीणबाईंना मी अक्का म्हणते. अक्कांना स्वयंपाकात हातभार लावायचा आणि उरलेल्या वेळात यशवंतपूरच्या व्यापाऱ्यासाठी उदबत्त्या वळायच्या, असे ठरले. मी घाबरत विचारले होते, दुसऱ्यांच्या देवांपुढे लागणाऱ्या उदबत्त्या ख्रिस्ती पाळकाच्या आवारात वळलेल्या चालतील का. साहेबांनी एक उचलून वास घेतला आणि म्हणाले, "सगुणाबाई, हा वास भिंत ओलांडताना विचारतो का, पलीकडे कोण राहतं?" पुढच्या रविवारी आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, उपदेशाला तोच विषय होता.

त्यांचे असेच होते. स्वयंपाकघरात चुलीपाशी त्यांचे एक बुटके लाकडी स्टूल होते. कानावर पेन्सिल, खिशात जुन्या कॅलेंडरची फाडलेली पाने. बाकीचे पाळक म्हणे जाड पुस्तके उघडून उपदेश तयार करतात, आमचे साहेब अक्कांच्या फोडणीकडे बघत बसायचे. दूध उतू गेले की अक्का भांडे उतरवायच्या आत हे पेन्सिल काढायचे. अक्का म्हणायच्या, "आधी फडकं द्या, मग देवाचं बघा. तुमच्या देवाला माझ्या चुलीशिवाय दुसरी जागा नाही का बसायला?" रविवारी ते मंडळीसमोर उभे राहून सांगायचे, "दूध उतू जातं तेव्हा मला दृष्टांत दिसतो आणि माझ्या बायकोला फडकं दिसतं. तुम्हीच सांगा, स्वर्गात आधी कोण जाईल?" सगळे हसायचे, अक्का पदर तोंडाला लावायच्या. पण त्यात कुठेतरी आपल्यालाही लागेल असे काही असायचे. घरी येऊन मी दूध तापवताना दोनदा विचार करायची.

एकदा त्यांचा तोल गेला. मार्थाच्या डोक्यात शाळेतून उवा आल्या होत्या, आणि अक्का रोज संध्याकाळी तिला पुढ्यात घेऊन बारीक फणीने केस विंचरायच्या. साहेबांनी ते देवळात सांगितले, की तुमच्या डोक्यावरचे केससुद्धा देवाने मोजले आहेत हे मला अक्षरशः कळले ते माझ्या बायकोच्या फणीमुळे. लोक डोळे पुसत होते. मार्था मात्र घरी येऊन रडली, शाळेत जाणार नाही म्हणाली. त्या दिवशी साहेबांनी तिच्यापुढे कान धरले आणि नियम केला, की ज्याची गोष्ट त्याला विचारल्याशिवाय सांगायची नाही. तो नियम त्यांनी शेवटपर्यंत पाळला... म्हणून तर मला सबब उरत नाही.

आता ते अंडे. नवे पैसे यायच्या आधीची गोष्ट. त्या वर्षी पावसाच्या सुरुवातीला साहेबांचे दोन महिन्यांचे बाळ गेले होते. तेव्हापासून ते उपदेश करायचे, पण जुनाच वाचून दाखवायचे. स्टूल रिकामे असायचे. अक्का चुलीपाशी एकट्या, दूध उतू गेले तरी कोणी काही बोलत नसे.

हंगामाच्या सणाला आमच्याकडे जो तो घरचे काही ना काही आणतो. भोपळा, नारळ, अवरेच्या शेंगा, एखादी कोंबडी. उपासना झाली की देवळाच्या आवारात त्यांचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या कामाला जातात. गंमत अशी की विकत घेतलेली वस्तू लोक परत टेबलावर ठेवतात आणि ती पुन्हा विकली जाते. दावीदअण्णा लिलाव पुकारायचे. त्या दिवशी कोणाचे तरी एक अंडे तीन वेळा विकून झाले होते आणि मंडळीतले दोन पैसेवाले हट्टाला पेटले होते. "दहा झाले. काय हो कंत्राटदार, घरी बायकोला विचारायचंय का? सरी, बरं, अकरा. अकरा रुपये..." मी मागे बायकांत उभी होते. लीला विहिरीच्या कठड्यावर चढताना दिसली. ओरडायची मला सवय नाही, माणसांत माझा आवाजच निघत नाही. मी हात वर करून तिला खाली उतर म्हणून खूण केली.

"बारा," दावीदअण्णा म्हणाले. "सगुणक्का, बारा."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. माझा हात अजून वरच होता. मी म्हणायला हवे होते, अण्णा, माझी मुलगी तिकडे आहे. एवढे एकच वाक्य. लोक हसले असते आणि विसरले असते. पण मी फक्त हात खाली घेतला. ते दोघे पैसेवाले मान खाली घालून गप्प झाले. एक वार, दोन वार, तीन वार झाले आणि दावीदअण्णांनी ते अंडे दोन्ही हातांनी आणून माझ्या तळव्यावर ठेवले. माझ्या पदराच्या गाठीला आठ आणे होते. साहेब देवळाच्या पायरीवर उभे होते, माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

पैसे पुढच्या रविवारपर्यंत भरायचे असतात. तो आठवडा मी कसा काढला ते माझे मला माहीत. रविवारी खजिनदाराकडे गेले, म्हटले मुदत मागावी. त्यांनी वही उघडून दाखवली. माझ्या नावापुढे बारा रुपये आणि जमा, असे लिहिले होते. कोणी भरले हे विचारायला तोंड उघडावे लागते. मी ते उघडले नाही.

त्याच संध्याकाळी साहेब खोलीच्या दाराशी आले. कानावर पेन्सिल होती, ती मी कितीतरी दिवसांनी बघत होते. म्हणाले, "सगुणाबाई, तुमची गोष्ट मंडळीला सांगू का? नाव घेणार नाही. नको म्हणालात तर ओठांवर आणणार नाही." मी मान खाली घातली. लाजेने घातली, की हो म्हणून घातली, ते माझे मलाच नक्की सांगता येत नाही. त्यांनी ते हो धरले.

मग अकरा हंगाम झाले. दर वर्षी तो दृष्टांत. एका विधवेची गोष्ट, जिच्याकडे काही नव्हते आणि जिचा हात श्रीमंतांच्या वर गेला. नाव घेत नसत, पण नाव कोणाला माहीत नव्हते? लोक मला वाट द्यायचे, पुढच्या बाकावर बसा म्हणायचे. मी मागेच बसायची, तर म्हणायचे, बघा किती नम्र. एका वर्षी आमच्या रत्नाबाईने, तिचा नवरा रेल्वेत हमाल आहे, घरातली एकुलती एक तांब्याची घागर लिलावात आणून ठेवली. मला म्हणाली, "सगुणक्का, तुम्हाला जमलं तर मला का नाही?" त्यानंतर वर्षभर ती मडक्यातून पाणी भरताना मी बघत होते. रोज नळावर माझ्या शेजारी उभी असायची. तेव्हाही मी बोलले नाही.

पैसे भरले ते साहेबांनीच, असे मी धरून चालले होते. परत करावे म्हणून डब्यात साठवायला लागले. एकदा सात रुपये झाले, ते लीलाच्या तापात गेले. एकदा नऊ झाले, ते फीला. आणि खरे सांगायचे तर डबा रिकामा झाला की मला बरे वाटायचे. पैसे नाहीत तोवर सांगायलाही नको.

शेवटची भेट ते जाण्याआधी चार दिवस झाली. मी भाताची पेज घेऊन गेले. साहेब उशीला टेकून बसले होते, हात इतके बारीक झाले होते की घड्याळ कोपरापर्यंत सरकत होते. मला बसा म्हणाले. मग हात जोडले. म्हणाले, "सगुणाबाई, मला क्षमा करा. उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये, हे मीच लोकांना शिकवलं, आणि तुमचं दान मात्र दर वर्षी चव्हाट्यावर मांडलं. तुम्हाला किती संकोच झाला असेल. तुमची मान खाली गेली ती मी हो समजलो... ते हो नव्हतं, होय ना?"

देवाने याहून सोपी वाट कोणाला दिली नसेल. खोलीत आम्ही दोघेच होतो. मी म्हणाले, "असू द्या साहेब. पेज गार होते आहे."

एवढेच म्हणाले. माझ्यासारखीची क्षमा मागून तो माणूस गेला, आणि मी ती दिली.

गेल्या शुक्रवारी मी अक्कांकडे गेले. या सात आठवड्यांत रोज जास्तीच्या उदबत्त्या वळून बारा रुपये केले होते. अक्का चुलीपाशी तांदूळ निवडत होत्या. त्यांच्यासमोर ते स्टूल तसेच आहे, त्यावर कोणी बसत नाही. मी पैसे स्टुलावर ठेवले आणि सगळे सांगितले, लीला, कठडा, हात. एका दमात सांगितले, नाहीतर पुन्हा गिळले असते. अक्कांनी सुपातून मान वर केली नाही.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तुझ्या मागेच तर उभी होते मी. लीलाला मीसुद्धा बघितलं."

मी स्टुलावरच्या पैशांकडे बघितले.

"आणि पैसे मी भरलेत, त्यांनी नाही. बाळाच्या बाप्तिस्म्याला ठेवलेले होते. कशाला लागणार होते आता ते?"

"मग साहेबांना का नाही सांगितलंत, अक्का?"

त्यांनी एक खडा काढून बाजूला टाकला. "सांगणारच होते. लिलावाहून घरी आले, तर हे इथे बसलेले. या स्टुलावर. बाळ गेल्यापासून बसले नव्हते. कॅलेंडरचं पान घेऊन लिहीत होते. मी म्हटलं, स्वल्प दिवस जाऊ देत, मग सांगू. मग दुसरं वर्ष आलं... तू एकटीच गप्प नव्हतीस, सगुणा. दर वर्षी पुढच्या बाकावर बसून मीही ऐकलंच की."

"रत्नाबाईची घागर गेली," मी म्हणाले.

"हो. ते तुला आणि मला दोघींना फेडायचंय. रविवारी जाऊ तिच्याकडे. आणि पुस्तकाचं मार्थाला तू सांग, मी नाही सांगणार."

ही वही मी मार्थाला देणार आहे. तिने छापावे, न छापावे. अंड्याचे मात्र तिने लिहू नये, खरे काय ते हे असे होते.

त्या शुक्रवारी मला वाटले होते अक्का पैसे घेणार नाहीत. नको म्हणतील, राहू दे म्हणतील, आणि ते ओझे पुन्हा माझ्याच डब्यात जाईल. पण त्यांनी सूप खाली ठेवले, पदराला हात पुसले, स्टुलावरच्या नोटा आणि नाणी जवळ ओढली आणि एकेक करून मोजली. दोनदा मोजली. मागे दूध वर येत होते, त्यांनी मागे न बघता हात लांब करून फडक्याने भांडे उतरवले.

"बारा," त्या म्हणाल्या. "बरोबर आहेत." आणि पैसे पदराला बांधून त्यांनी गाठ ओढून घट्ट केली.