काठवटीचं बूड

कंपनीत मी क्वालिटीला आहे. म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोट काढण्याचा मला पगार मिळतो आणि सवयीनं मी ती फुकटातही काढतो. चऱ्होलीच्या नव्या फ्लॅटसाठी बायकोला मोठी लाकडी काठवट हवी होती, म्हणून निघोज्याच्या रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये लेथ चालवणाऱ्या एका म्हाताऱ्याला मी रीतसर ड्रॉइंग काढून दिलं. त्यानं ते भक्तिभावानं कपाळाला लावलं आणि चहाच्या किटलीखाली ठेवलं.

लेथवर बाभळीचा ओंडका गरगरत होता. मधेच मशीन थांबवून तो बोट मुडपून लाकडावर टकटक करायचा आणि कान लावून ऐकायचा. आमच्याकडे कुणी असं केलं असतं, तर मी त्याला त्याच दिवशी ट्रेनिंगला पाठवलं असतं.

काठवट तयार झाली. मी खिशातून व्हर्नियर काढला. "काका, बूड ड्रॉइंगपेक्षा सहा मिलिमीटर जास्त जाड आहे. रिजेक्ट."

"मळताना समदा जोर बुडावरच येतो, साहेब. घरात भाकरी कोण थापतं?"

"कुणीच नाही. हॉलमध्ये शोला ठेवायचीय."

"मंग आधी सांगायचं की!"

त्यानं काठवट परत लेथवर चढवली आणि बूड उतरवलं. मोजायला काहीच घेतलं नाही. मी पुन्हा व्हर्नियर लावला. बरोबर सहा मिलिमीटर गेले होते.

काठवट आता हॉलमध्ये असते. आत टीव्हीचा रिमोट असतो. तेवढा भार ती व्यवस्थित पेलते.