चार बोटं जास्त

माझी आत्या तंबू शिवते. हौसेने डोंगरात किंवा तळ्याकाठी राहायला जाणाऱ्या लोकांचे, गुंडाळून पाठीवर नेता येतील असे तंबू. घराच्या मागच्या लांब खोलीत तिचं काम चालतं. तिथे दोन मशिनं, कापायचं भलंमोठं टेबल आणि माळ्यावर कापडाचे तागे. कात्रीला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत नाही. तंबू शिवण्यात तिचे केस पांढरे झाले, पण ती स्वतः कधी तंबूत झोपली नव्हती. "घरात चांगला पलंग असताना जमिनीवर लोळायला मला काय वेड लागलंय?" असं ती गिऱ्हाइकांच्या तोंडावर म्हणायची. गिऱ्हाइकं हसायची आणि तंबू घेऊन जायची.

तिला सगळ्यात जास्त अभिमान होता तो तंबूखाली अंथरायच्या ताडपत्रीचा. खडे, काटक्या, मुळं यांनी तंबूचा तळ फाटू नये म्हणून आधी ही ताडपत्री पसरायची आणि तिच्यावर तंबू उभा करायचा. आत्या ती तळापेक्षा चारी बाजूंनी चार बोटं मोठी कापायची. "बाकीचे लोक कापड वाचवतात. मी हात आखडता घेत नाही. माझ्या तंबूचा कोपरासुद्धा मातीला लागणार नाही," हे तिचं भाषण मला पाठ होतं.

तिच्या जोडीला तिची जाऊ होती. घरात सगळे तिला धाकटी म्हणतात, मीसुद्धा. तळाच्या शिवणी बंद करायचं काम धाकटीचं. मशिनवर टीप मारून झाली की शिवणीवर ब्रशने सोल्युशन लावायचं, म्हणजे सुईच्या भोकांतून पाणी येत नाही. धाकटीचा हात हलका आणि तोंड सतत चालू. ब्रश फिरवता फिरवता ती गिऱ्हाइकांच्या नकला करायची, आणि आत्या "पुरे गं बाई" म्हणत स्वतःच खुदुखुदु हसायची.

मग एका वर्षी पाऊस जास्त झाला आणि तक्रारी यायला लागल्या. तंबूचा तळ आतून ओला होतो म्हणे. आत्याने फार विचार केला नाही. पाणी आलं म्हणजे शिवणीतून आलं, आणि शिवणी धाकटीच्या. एक गिऱ्हाईक ओला तंबू घेऊन तणतणत आलं, तेव्हा आत्याने त्याच्यासमोरच धाकटीचा पाणउतारा केला. "हिच्या हाताचा भरवसाच नाही. उद्यापासून शिवणी मी बघेन, ही दोऱ्या ओवत बसेल." मी तेव्हा तिथेच होते. धाकटीने ब्रश धुतला, पुसला आणि डब्यात ठेवला.

थोड्याच दिवसांत तिने यायचं बंद केलं. घरी बसून ती एका दुकानासाठी उशांचे अभ्रे शिवायला लागली. येणं-जाणं, विचारपूस चालू होती, पण नकला बंद झाल्या. तळ ओला झाल्याच्या तक्रारी पुढेही आल्या, फक्त आता दोष गिऱ्हाइकाचा होता. "खोलगट जागी लावला असेल तंबू." स्वतःच्या हाताबद्दल शंका घ्यायची आत्याला सवय नव्हती.

यंदा सुट्टीत मी तिच्याकडे तंबू मागितला. चांगला द्यायला जिवावर आलं म्हणून तिने माळ्यावरून तोच परत आलेला तंबू काढला. "हा घे धाकटीचा. गळला तर माझ्या नावाने बोंबलू नकोस." वर नवीकोरी ताडपत्री कापून दिली, अर्थातच चार बोटं जास्त. मीही हट्टाला पेटले. म्हटलं, तू येणार असशील तरच जाईन, तू शिवलेल्या तंबूत तूच बसत नाहीस तर मी का बसू? ती आली. येताना स्वतःची उशी घेऊन आली आणि वाटभर माझा उद्धार करत राहिली.

तळ्याच्या वर, उंचवट्यावरची जागा तिनेच निवडली. दुपारी आम्ही चहा केला आणि पाऊस आला. आम्ही आत शिरलो. आत्या मांडी घालून शिवणीवर डोळे लावून बसली. "बघच आता, कसं पाणी येतं ते." मला वाटतं, ते यावं असंच तिला वाटत होतं. पावसाने चांगलाच जोर धरला. तिने बोट एका शिवणीवरून फिरवलं, मग दुसरीवरून, मग गुडघ्यांवर सरकत चारी बाजूंनी. सगळ्या शिवणी कोरड्या होत्या. आणि ती परत येऊन मधोमध बसली, तेव्हा तिचं लुगडं खालून भिजलं.

"हे कुठून आलं?" असं म्हणत ती पावसात बाहेर गेली. मी डोकं बाहेर काढून पाहिलं. तंबूच्या उतरत्या कापडावरून पाणी घरंगळत येत होतं आणि ताडपत्रीच्या बाहेर डोकावणाऱ्या त्या चार बोटांवर पडत होतं. तिथून मातीत जायच्या ऐवजी ते ताडपत्रीवरूनच सरळ तंबूखाली शिरत होतं. आत्याने एक कोपरा उचलला. ताडपत्री आणि तळ यांच्या मध्ये थारोळं साचलं होतं. आमच्या वजनाने दाबलं जाऊन तेच पाणी तळाच्या कापडातून वर येत होतं.

मी म्हटलं, "आत्या, आत ये, भिजतेयस."

"पाणी मीच आत घेत होते गं," ती म्हणाली, आणि तशीच उभी राहिली.

आम्ही घरी आलो. "त्या माणसासमोर बोलले मी तिला," एवढंच आत्या जेवताना एकदा म्हणाली, आणि पुन्हा एकदा. नंतरचे काही दिवस ती धाकटीकडे जायची आणि परत यायची. एकदा रिकामी बरणी द्यायला गेली, एकदा उगाच रीळ मागायला. मी विचारलं, सांगितलंस का? तर माझ्यावरच खेकसली. आपण चुकलो हे कबूल करायची तिला सवयच नव्हती, आणि हे काम कुणाकडून शिकावं तेही कळत नव्हतं. शेवटी एक दिवस ताडपत्री काखोटीला मारून मला म्हणाली, "चल माझ्याबरोबर."

धाकटी खिडकीपाशी मशिनवर होती. शेजारी अभ्र्यांची चळत. आत्या बसलीसुद्धा नाही.

"धाकटे, तुझ्या शिवणी कोरड्या होत्या. मी हात फिरवून बघितल्या. पाणी माझ्या ताडपत्रीवरून येत होतं. मी तुला नको ते बोलले."

धाकटी हसली. "अहो जाऊबाई, आता कशाला ते? माझाच हात कच्चा होता तेव्हा."

"नव्हता."

"तुम्हीच तर म्हणाला होता."

त्यात टोमणा नव्हता. असता तर आत्याला बरं वाटलं असतं. धाकटीने ते तेव्हाच खरं मानलं होतं आणि तेच मनाशी धरून इतकी वर्षं काढली होती. आत्याने ताडपत्री जमिनीवर पसरली आणि पदराआडून स्वतःची कात्री काढून धाकटीपुढे धरली.

"तळापेक्षा चार बोटं कमी काप. तुझ्या हाताने."

धाकटीने माझ्याकडे बघितलं, कात्रीकडे बघितलं, आणि मग कापलं. सरळ, एका दमात, कुठेही न अडखळता. आत्या म्हणाली, "बघ, आहे का कच्चा हात?" कड दुमडून धाकटी मशिनवर बसली आणि चारी बाजूंनी टीप मारली. बोट ठेवायला जागा नव्हती. मग तिने कापड फिरवलं आणि त्याच टिपेवरून पुन्हा सुई चालवायला घेतली. तेव्हा मी शेजारचे अभ्रे नीट पाहिले. प्रत्येकाच्या शिवणीवर दोन-दोन टिपा होत्या.

"एक पुरे गं," आत्या म्हणाली. "खरंच पुरे."

"असू दे जाऊबाई," धाकटी मान वर न करता म्हणाली. "माझ्या हाताचा भरवसा नाही."

आत्या खाली बसली, आणि दुसरी टीप संपेपर्यंत कापडाचं टोक धरून राहिली.