अंगठ्यानं पाहिलेला जोड

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं की मी मिस्त्रीकाकांचं नाव घेतो. आई-बाबांचं का नाही, असं लोकांना वाटतं. पण घरच्यांनी केलं त्याला उपकार म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. मिस्त्रीकाका परके होते. त्यांना माझ्यासाठी काही करायची गरज नव्हती.

अकोल्यात बाळापूर रस्त्याला त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. कोणताही जोड ते डोळ्यांनी पाहत नसत. चष्मा कपाळावर सरकवायचे, डोळे मिटायचे आणि जोडावरून अंगठा फिरवायचे. तुम्हीही असे कारागीर पाहिले असतील. त्यांचे डोळे मिटलेले असतात तेव्हा आपण त्या अंगठ्याकडेच बघत राहतो.

मी मूर्तिजापूरजवळच्या गावचा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. अमरावतीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना माझ्या मित्रानं, गजूनं, जुनी कार कच्च्या रस्त्यावरच्या शर्यतीत उतरवायचं ठरवलं. अशी कार उलटली तर छत डोक्यावर बसू नये म्हणून सीटमागे जाड पाइपाची कमान लावतात. तिला रोल बार म्हणतात. सोबत खालच्या चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यालाही, आडवे-तिरपे आधार द्यावे लागतात. हे सगळं मी कॉम्प्युटरवर काढलं आणि रंगीत प्रिंट घेऊन अकोल्याला काकांच्या दुकानात गेलो.

काकांनी कागद हातात घेतला आणि उलटा धरला.

"काका, उलटा धरला तुम्ही."

"गाडीबी उलटीच होनार हाय ना, इंजिनेरसाहेब? आता उलटं पाह्य. कमानीचे पाय कशावर ठेवले?"

"फ्लोअरवर."

"फ्लोअर म्हंजे पत्रा. दनका बसला का पाय पत्रा फोडून बाहेर येतीन, अन् तुहा दोस्त छत टोपीसारखं घालून बसीन."

"उलटं पाह्य" हे त्यांचं रोजचं वाक्य. गिऱ्हाईक गेट करायला आलं तरी ते मान वाकडी करून खालून बघायला लावत. त्यांनी कमानीच्या पायांखाली जाड प्लेटा घातल्या आणि त्या थेट चासीच्या पट्ट्यांना जोडल्या. पाइप वाकवण्याआधी बारीक सळईची कमान करून गाडीत उभी केली. गजूला हेल्मेट घालून बसवलं आणि डोक्याच्या वर आपली चार बोटं आडवी धरून अंतर पाहिलं.

"काका, तुमची बोटं जाड हायेत," गजू म्हणाला.

"तुहं डोस्कं त्याहून जाड हाय. बस गुपचूप."

काम झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी अमरावतीला शर्यतीआधीची तपासणी होती. काका जेवायला घरी गेले तेव्हा मी ग्राइंडर उचलला. जोडांवर वेल्डिंगची जाडसर रेघ उठलेली होती. ती मला ओबडधोबड वाटली. कंपनीतून आल्यासारखी गाडी दिसावी म्हणून मी चार जोड घासून गुळगुळीत केले आणि वर रंग मारला.

काका आले. चष्मा कपाळावर गेला. अंगठा पहिल्याच जोडावर थांबला.

"काहून घासलं बे हे?"

"चांगलं दिसतं म्हणून."

"लगनाले चालली काय गाडी? जे घासलं तेच त धरून ठेवनार होतं!"

त्यांनी शोधून तीन जोड कापले आणि पुन्हा मारले. संध्याकाळ झाली. मग त्यांनी विचारलं, "अजून कुठं घासलं काय?"

चौथा जोड कमानीच्या डाव्या पायाचा होता; वेल्डिंगसाठी काढलेली सीट मी रंग मारल्यावर परत बसवली होती आणि तो तिच्याखाली गेला होता. तो खोलायचा तर तपासणी हुकणार होती. मी म्हणालो, "नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

पहाटे कार पिकअपवर चढवून आम्ही अमरावतीला निघालो. गजू हेल्मेट मांडीवर घेऊन गाणं म्हणत होता. अगदी बेसूर. मूर्तिजापूरचा फाटा आला, माझ्या गावचा रस्ता दिसला आणि मी ड्रायव्हरला गाडी परत फिरवायला सांगितलं. का ते गजूलाही सांगितलं. गाणं थांबलं. अकोल्यापर्यंत तो हेल्मेट डोक्यात घालून खिडकीकडे तोंड करून बसला.

काका दुकानाचं शटर उघडत होते. पिकअप पाहून त्यांनी ओळखलं; त्यांचा अंगठा पोचला नव्हता अशी जागा एकच होती, सीटखालची. त्यांनी डोळ्यांसमोर धरायची वेल्डिंगची काच माझ्या हातात दिली.

"सीट तूच खोल. जोडबी तूच मार."

"मले नाही जमणार, काका."

"खोटं बोलाले जमलं ना? हे त्याहून सोपं हाय."

मी मारला. दोनदा बिघडला, दोनदा कापायला लावला. तिसऱ्यांदा त्यांनी अंगठा फिरवला, बराच वेळ डोळे उघडलेच नाहीत. मग चष्मा खाली घेऊन म्हणाले, "चाला, घेऊन जा गाडी." चांगला की वाईट, काही बोलले नाहीत.

ती शर्यत आमची गेलीच, आणि गजूची दोस्तीही. पुढच्या मोसमात मात्र गजूची कार एका वळणावर दोनदा उलटली. कमान हलली नाही. गजू खिडकीतून बाहेर आला, उभा राहिला आणि पहिली शिवी मला दिली. त्या दिवशी आमची दोस्ती परत झाली.

आता मी पुण्यात एका कारखान्यात वेल्डिंगच्या तपासणीवर आहे. काकांची नजर गेल्या वर्षी फार मंदावली. दुकान बंद झालं, ते बाळापूरला मुलीकडे राहतात. गजूची कार भंगारात निघाली तेव्हा मी अकोल्याला जाऊन आलो. त्यानंतर काकांना एक जड पार्सल आणि हे पत्र पाठवलं.

"आदरणीय मिस्त्रीकाका, नमस्कार.

तुमची नात हे वाचून दाखवेल. पार्सलात लोखंडाचा तुकडा आहे, तो तिला उचलू देऊ नका, जड आहे. गजूच्या गाडीतून कापून आणला. कमानीचा डावा पाय, सीटखालचा. रंग काढला आहे, पण जोड घासलेला नाही.

इथं रोज माझ्या सहीनं जोड पास होतात. सही करायच्या आधी मी कामगारांना विचारतो, अजून कुठं घासलं काय? कोणी 'हो' म्हणालं तर मी रागावत नाही.

त्या दिवशी तुम्ही नुसतं गाडी घेऊन जा म्हणालात. डोळ्यांचं काम नाही, काका. एकदा अंगठा फिरवा आणि कसा झाला होता ते आता तरी सांगा.

तुमचा,
इंजिनेरसाहेब"